कोषातलं प्रथिन औषधात किती कामाचं? हातकणंगल्याच्या एका रेशीम शेतकऱ्याला उत्तर

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हातकणंगले तालुक्यात तुमची दीड एकर तुती आहे, वर्षाला चार-पाच बॅच निघतात, कोष कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजारात जातात. लेक बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते आहे. रेशमापासून कृत्रिम हाडं, रक्तवाहिन्या, जखमेच्या पट्ट्या बनतात असं तिनं वाचलं. तुम्ही विचारता, हे खरं किती? आपले कोष 'मेडिकल'ला गेले तर दर वाढवून मिळेल का? आणि लेकीनं प्रोजेक्ट कशावर घ्यावा?

मी रेशीम प्रथिनांवरच काम करते. कोष कापण्यापासून पेशींवर चाचणी घेण्यापर्यंतची कामं रोज हातानं करते, म्हणून आधी सरळ उत्तर देते, कारणं मागून. रेशमाचा वैद्यकीय उपयोग खरा आहे, पण वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं अजून उंदीर-सशांवरच्या प्रयोगांत आहे. रुग्णापर्यंत पोचलेलं थोडं आहे. दर सगळ्या गावाच्या कोषाला वाढणार नाही. मात्र ज्या कोषांची नोंद चोख आहे आणि ज्यांच्यावर औषधाचा अंश नाही, अशा थोड्या मालाला वेगळं गिऱ्हाईक मिळू शकतं. प्रोजेक्ट छोटा आणि मोजता येईल असा घ्यावा. या तिन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: औषधात एका बॅचचं प्रथिन दुसऱ्या बॅचसारखं निघालं पाहिजे. ते ज्याला जमलं, त्याच्या रेशमाला तिथे जागा आहे.

तुमच्या शेडमध्ये अळी चंद्रिकेवर, म्हणजे कोष बांधायच्या जाळीवर, चढून जो धागा सोडते, त्यात मुख्यतः दोन प्रथिनं असतात. आत फायब्रोइनचे दोन तंतू आणि त्यांना चिकटवून ठेवणारा बाहेरचा डिंक, म्हणजे सेरिसिन. कोषाच्या कवचाचं ७० ते ८० टक्के वजन फायब्रोइनचं, उरलेलं बहुतेक सेरिसिनचं. फायब्रोइनची मोठी साखळी सुमारे ३९० किलोडाल्टनची (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) आणि तिला जोडलेली छोटी साखळी सुमारे २६ किलोडाल्टनची. या रेणूचा ८५ टक्क्यांच्या आसपास भाग फक्त तीन अमिनो आम्लांचा आहे: ग्लायसीन, अॅलनीन आणि सेरीन. तीच ठरावीक क्रमानं पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे साखळ्या घडी घातलेल्या लुगड्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर गच्च बसतात. या गच्च भागाला आम्ही बीटा-शीट म्हणतो. धाग्याची ताकद तिथूनच येते, आणि तिथे पाणी सहज शिरत नाही.

डॉक्टर आणि अभियंते रेशमाच्या मागे लागले, कारण ही घडी किती घट्ट बसवायची हे आपल्याला ठरवता येतं. फायब्रोइन विरघळवून पातळ पापुद्रा वाळवला, तर तो पाण्यात टाकताच विरघळतो. त्याच पापुद्र्याला मिथेनॉल किंवा इथेनॉल लावलं, किंवा बंद भांड्यात पाण्याच्या वाफेवर ठेवलं, की तो पाण्यात टिकतो. एकाच द्रावणापासून पापुद्रा, जेल, स्पंज, सूक्ष्म कण, नळी किंवा स्क्रूसुद्धा करता येतो. शरीरात ती वस्तू किती दिवस राहील, हेही बनवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पाण्याच्या द्रावणापासून केलेले स्पंज दोन ते सहा महिन्यांत विरून गेले. फ्लोरिन असलेल्या एका द्रावकातून केलेले वर्षभरानंतरही शिल्लक होते. शिवाय विरताना त्यातून अमिनो आम्लं आणि छोटे प्रथिन-तुकडे सुटतात. पॉलिलॅक्टिक अॅसिडसारखं प्लास्टिक शरीरात विरताना आसपास आम्लता वाढते, तो त्रास इथे नाही. हाडाजवळ किंवा मज्जातंतूजवळ काही बसवायचं असेल तर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

आता दवाखान्यात आज प्रत्यक्ष काय आहे ते सांगते. सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपयोग टाक्यांचा. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या दंतवैद्याकडे दाढ काढल्यावर काळ्या दोऱ्याचा टाका पडला असेल, तर तो बहुधा विणलेल्या रेशमाचा असतो. गाठ घट्ट बसते, सुटत नाही, दोरा मऊ असल्यानं तोंडात टोचत नाही. औषधकोशात तो 'न विरघळणारा' म्हणून नोंदलेला आहे, तरी शरीरात राहिला तर साधारण वर्षभरात त्याची बरीच ताकद जाते आणि पुढे तो हळूहळू विरतो. त्याचा दोषही लक्षात ठेवा. अनेक तंतू विणलेले असल्यामुळे त्यात ओल आणि जंतू शिरतात, म्हणून संसर्गाची भीती असलेल्या जागी सर्जन एकेरी तंतूचा दोरा घेतात. पूर्वी डिंक न काढलेल्या रेशमाच्या टाक्यांनी काही रुग्णांना अॅलर्जी झाली आणि रेशमाचं नाव खराब झालं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की एकटं सेरिसिन फारसा त्रास देत नाही, एकटं फायब्रोइनही नाही. दोन्ही धाग्यात एकत्र राहिली तर शरीर चिडतं. म्हणून शरीरात जाणाऱ्या रेशमाचा डिंक पूर्ण निघाला पाहिजे, हा आमच्या कामातला पहिला नियम.

टाक्यानंतरची मोठी पायरी अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातून आली. डेव्हिड कॅप्लन यांच्या प्रयोगशाळेत ग्रेगरी ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या तुटलेल्या लिगामेंटसाठी रेशमी दोऱ्यांची रचना केली. त्यातून सेरिका नावाची कंपनी निघाली, २०१० मध्ये ती अॅलर्गन या औषध कंपनीनं घेतली. तिची विणलेली रेशमी जाळी कमकुवत झालेल्या मऊ ऊतींना आधार देण्यासाठी मान्यता घेऊन बाजारात आली. हे वाचताना मला इचलकरंजी आठवते. ती जाळी म्हणजे शेवटी निटिंगचंच काम होतं: दोऱ्याचा पीळ, फास, भोकांचा आकार, ताणल्यावर किती वाढते. आपल्याकडे यंत्रमागाच्या गावात डीकेटीईसारखी वस्त्रतंत्राची संस्था आहे, तिथे या गोष्टी मुलांना रोज शिकवल्या जातात. रेशीम शेतकरी, विणकर आणि सर्जन तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघात असलेले जिल्हे फार नाहीत. हे तिघं एका टेबलाशी बसत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भारतातलं काम कुठे कमी नाही. आयआयटी खरगपूरमध्ये सुभाष कुंडू यांनी टसर फायब्रोइनवर बरीच वर्षं काम केलं. आपल्या गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या जंगलात जी टसर अळी ऐन-अर्जुनावर वाढते, तिच्या प्रथिनात पेशींना पकडून ठेवणारा आरजीडी हा अमिनो आम्लांचा क्रम असतो. तुतीच्या रेशमात तो नसतो. पण टसरचा कोष नेहमीच्या क्षारद्रावणात सहजासहजी विरघळत नाही, म्हणून काम अवघड. आयआयटी गुवाहाटीत बिमान मंडल आणि दिल्लीत सौरभ घोष यांचे गट कूर्चा, त्वचा अशा ऊतींसाठी रेशमाची त्रिमितीय छपाई (थ्रीडी प्रिंटिंग) करतात. तुमच्या लेकीला सगळ्यात जवळचं उदाहरण पुण्याचं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. अनुया निसळ यांच्या संशोधनातून सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. हाडातली पोकळी भरण्यासाठी फायब्रोइनचा सच्छिद्र साचा, हे तिचं काम. बेंगळुरूची फायब्रोहील कंपनी रेशीम प्रथिनाच्या जखमपट्ट्या बनवते. लेकीनं त्या पुण्याच्या कंपनीची माहिती नक्की वाचावी, कारण प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंत जायला किती पायऱ्या लागतात ते तिथे कळतं.

सेरिसिनची गोष्ट निराळी. सूत काढणारे कारखाने ते पाण्याबरोबर सोडून देतात आणि त्या पाण्यानं ओढ्यांवर भार पडतो. खरं तर हे प्रथिन पाणी धरून ठेवतं आणि त्वचेच्या पेशींना वाढायला मदत करतं. थायलंडच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठातल्या पोर्नअनाँग अराम्वित यांच्या गटानं भाजलेल्या रुग्णांवर चाचणी घेतली. नेहमीच्या चांदीच्या मलमात सेरिसिन मिसळलं, तेव्हा दुसऱ्या दर्जाच्या भाजलेल्या जखमा सरासरी आठवडाभर आधी भरून आल्या. चाचणी छोटी होती, तेवढ्यावर निकाल लावता येणार नाही. तरी ज्या जिल्ह्यात गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस अंगावर येऊन माणसं भाजतात, तिथे या दिशेनं काम व्हायला हवं असं मला ठामपणे वाटतं. उकळत्या रसाचं भाजणं वाईट, कारण तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. अशा जखमेवरची पट्टी बदलताना रुग्ण किंचाळतो, ते ज्यानं पाहिलंय त्याला न चिकटणाऱ्या पट्टीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. २०१२ मध्ये टफ्ट्सच्याच गटानं दाखवलं की गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि पेनिसिलिन, टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविकं रेशमाच्या पापुद्र्यात अडकवून वाळवली, तर लस ४५ अंशांतही सहा महिने बऱ्याच अंशी गुणकारी राहते आणि प्रतिजैविकं ६० अंशांपर्यंतच्या तापमानातही जास्त टिकतात. शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या वाडीवर शीतपेटी घेऊन चालत जाणाऱ्या परिचारिकेला विचारा, याचा अर्थ काय होतो. त्यापुढे रेशमाच्या सूक्ष्म सुयांची पट्टी करून लस त्वचेतून देण्याचे प्रयत्न चालू आहेत. हाडाचे रेशमी स्क्रू २०१४ मध्ये उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवून पाहिले गेले. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक कृत्रिम रक्तवाहिनी हे सगळ्यात अवघड काम, कारण तेवढ्या अरुंद नळीत रक्त लवकर गोठतं. तिथे रेशीम अजून बहुतांशी प्राण्यांच्याच टप्प्यात आहे. 'रेशमाची रक्तवाहिनी तयार' अशी बातमी दिसली, तर ती कुणात बसवली आणि किती महिने वाहती राहिली, हे दोन प्रश्न आधी विचारायचे.

रेशीम म्हटलं की फायदा होणारच, असंही नाही. इसबाच्या मुलांसाठी डिंक काढलेल्या रेशमाचे खास कपडे विकले जात. इंग्लंडमध्ये ३०० मुलांवर त्यांची नीट चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचारांसोबत हे कपडे घातलेल्या आणि न घातलेल्या मुलांच्या इसबात लक्षात घेण्यासारखा फरक पडला नाही. कपडे महाग, आई-बापांचा विश्वास खरा, पण गुण नाही. तुमच्या लेकीनं हा निबंध पूर्ण वाचावा. चांगली चाचणी कशी आखतात ते त्यातून शिकता येईल, आणि आपल्या आवडत्या पदार्थाविरुद्धचा निकाल स्वच्छ शब्दांत कसा लिहितात तेही.

आता कोषाचं द्रावण कसं होतं ते जवळून सांगते, कारण तुमच्या शेडचा संबंध इथे येतो. कोष कात्रीनं उभा कापून आतला कोषकिडा आणि त्याची कात काढून टाकायची. किडा फुटून त्याचं तेल किंवा रक्त आतल्या भिंतीला लागलं असेल, तर तो कोष बाजूला ठेवायचा. ती चरबी पुढे द्रावण गढूळ करते. पाच ग्रॅम कवचाचे तुकडे, दोन लिटर डिस्टिल्ड पाणी आणि ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. पाणी उकळायला लागल्यावर तुकडे टाकायचे आणि तीस मिनिटं उकळू द्यायचे. मिनिटभरात तुकडे कडक राहत नाहीत, पाणी पिवळसर, फेसाळ होतं, आणि शेवटी भांड्यात पांढऱ्या तंतूंचा मऊ पुंजका तरंगतो. तो काढून तीन-चार पाण्यांत धुवायचा, पिळायचा, बोटांनी मोकळा करायचा आणि रात्रभर वाळवायचा. दुसऱ्या दिवशी वजन करायचं. पाच ग्रॅममधून साधारण एक-चतुर्थांश गेलं असेल तर डिंक निघाला असं समजायचं. शंका असेल तर पिक्रोकार्माइन रंग लावायचा: उरलेला डिंक लाल होतो, स्वच्छ फायब्रोइन पिवळं दिसतं.

या तीस मिनिटांत सगळं ठरतं. कमी उकळलं तर डिंक उरतो. जास्त उकळलं तर फायब्रोइनची लांब साखळी तुटते. मग द्रावण पातळ होतं आणि त्याचा पापुद्रा ठिसूळ होतो. एकानं पंधरा मिनिटं, दुसऱ्यानं साठ मिनिटं उकळलं तर दोघांच्या बाटलीवर 'रेशीम फायब्रोइन' असंच लिहिलेलं असतं, पण आत दोन वेगळे पदार्थ असतात. दोन निबंधांतले निकाल जुळत नाहीत, त्याचं कारण बरेचदा इथे सापडतं.

पुढे हे तंतू ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशांवर चार तास ठेवतात. लिटरभर द्रावणाला ८०० ग्रॅमहून जास्त क्षार लागतो आणि तो महाग. शिकणाऱ्या मुलांसाठी कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाणी यांचं १:२:८ मोल प्रमाणातलं मिश्रण परवडतं. मग ते सगळं डायलिसिसच्या नळीत भरून दोन दिवस पाणी बदलत क्षार काढून टाकायचा, सेंट्रिफ्यूजवर गाळ खाली बसवायचा. हातात येतं ते सहा-आठ टक्क्यांचं, किंचित पिवळसर द्रावण. ते चार अंशांवर ठेवायचं आणि हलवायचं नाही. बाटली जोरात हलवली की साखळ्या आपसांत घड्या घालायला लागतात आणि द्रावणाचं जेल होतं. नव्या मुलांना हे सांगूनही पटत नाही, म्हणून मी त्यांना थोडं द्रावण मुद्दाम हलवायला देते.

आता दराचं बोलू. शंभर अंडीपुंजांमागे तुम्हाला साठ-सत्तर किलो ओले कोष मिळतात असं धरू. त्यात कवच वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बारा-चौदा किलो. ओलावा आणि डिंक गेल्यावर फायब्रोइन आठ-दहा किलो उरतं. दहा सेंटिमीटर लांब-रुंद आणि ५० मायक्रॉन जाड पापुद्र्याला पाऊण ग्रॅमही लागत नाही. म्हणजे तुमच्या एकाच बॅचमधून दहा हजारांहून अधिक पट्ट्या निघतील. हा हिशोब नीट पाहा. वैद्यकीय कामाला माल लागतोच मुळी थोडा. एखादी कंपनी उद्या तुमच्या दारात आली, तरी ती वर्षाला काही बॅचच घेईल. तुमच्या तालुक्यातल्या सगळ्यांच्या कोषाचा भाव त्यानं हलणार नाही; तो सुताच्या बाजारावरच ठरत राहील. हा व्यवसाय 'मेडिकल'च्या भरवशावर वाढवायला कुणी सांगत असेल, नवीन शेड बांधायला कर्ज काढा म्हणत असेल, तर ऐकू नका.

पण ती थोडी गरज ज्याच्याकडून भागेल, त्याला कंपनी सहसा सोडत नाही. तिला हवं असतं ते असं: एकाच संकराचे पांढरे दुबार (वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या जातीचे) कोष, कारण पिवळ्या कोषांच्या डिंकात रंगद्रव्य असतं. कुठल्या तारखेचे अंडीपुंज, कुठलं चॉकी सेंटर (कोवळ्या अळ्या वाढवून देणारं केंद्र), कुठल्या प्लॉटचा पाला, कोणती जंतुनाशक पावडर किती वेळा मारली, कोष कधी उतरवले, कसे वाळवले, याची लेखी नोंद. अळ्यांवर मारलेली पावडर शेवटच्या दिवसांत कोषाला चिकटू नये. सुकवताना उष्णता फार झाली तर डिंक भाजल्यासारखा होतो आणि नंतर नीट निघत नाही, म्हणून मंद गरम हवा बरी.

आपल्या भागातली सगळ्यात मोठी अडचण मात्र बांधापलीकडची आहे. तुतीच्या तिन्ही बाजूंना ऊस असतो. शेजाऱ्यानं खोडकिडीसाठी फवारलं आणि वारं तुमच्याकडे असलं, तर अळ्या पाला खाऊन उलट्या करतात, वळवळतात आणि पडतात, हे तुम्ही जाणता. वैद्यकीय मालाच्या दृष्टीनं वाईट प्रकार त्याहून वेगळा. अंश इतका कमी की अळी जगते, कोषही बांधते, पण कोष पातळ होतो आणि तिच्या शरीरात काय गेलं हे कुणालाच कळत नाही. म्हणून उसाच्या कडेच्या चार-पाच ओळींचा पाला वेगळा ठेवून, मधल्या प्लॉटच्या पाल्यावर वाढवलेली एक छोटी बॅच निराळी काढणं, एवढं तुम्ही आजही करू शकता. शेजाऱ्याशी फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करण्याचं ठरवून घ्या. आपल्याकडे बांधावरून भांडणं होतात, तशी समजूतही होते.

कोष उत्तम असले तरी पट्टी लगेच विकता येत नाही. आपल्या देशात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत. उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग. शरीराच्या आत बसवायची किंवा आत विरणारी वस्तू वरच्या, सी किंवा डी वर्गात जाते. पेशींना विषारी आहे का, त्वचा चिडते का, अॅलर्जी येते का, आत बसवल्यावर आसपासच्या ऊतींना काय होतं, या चाचण्या आयएसओ १०९९३ या मानकमालेनुसार कराव्या लागतात. कारखान्याची गुणवत्ता-व्यवस्था आयएसओ १३४८५ प्रमाणे लागते. रेशमात विशेष लक्ष एंडोटॉक्सिनवर द्यावं लागतं. हे जिवाणूंच्या आवरणाचे अंश. ते पाण्यातून येतात, कोषावरच्या घाणीतून येतात आणि साध्या उकळण्यानं जात नाहीत. जंतू मेले तरी ते उरतात आणि रुग्णाला ताप आणतात. म्हणून धुण्याचं पाणी शुद्ध हवं. बोअरचं किंवा नळाचं चालत नाही.

राहिला लेकीचा प्रोजेक्ट. कृत्रिम रक्तवाहिनी, छापलेलं हृदय असले विषय एम.एस्सी.च्या वर्षभरात नकोत. रेशमात चांदीचे नॅनोकण घालून जंतू मारणं हा विषयही मी सुचवणार नाही, चांदीच्या कामाची हुपरी हाकेच्या अंतरावर असली तरी. त्यावर निबंधांचा ढीग आहे, आणि चांदी जास्त झाली की जंतूंबरोबर त्वचेच्या नव्या पेशीही मरतात. तो तोल सांभाळायला वर्षभराचं काम पुरत नाही.

तिनं तुमच्याच शेडचा फायदा घ्यावा. पावसाळी, हिवाळी आणि उन्हाळी बॅचचे कोष घेऊन एकाच पद्धतीनं फायब्रोइन काढावं आणि ते किती सारखं निघतं ते मोजावं. उकळल्यावरची वजनातली घट, द्रावणाचा घट्टपणा, इलेक्ट्रोफोरेसिसच्या जेलवर साखळ्यांची लांबी, इन्फ्रारेडमध्ये १६२० ते १६२५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसणारी बीटा-शीटची खूण, आणि पापुद्रा पाण्यात व प्रथिन कुरतडणाऱ्या विकरात किती दिवस टिकतो. दिसायला साधं काम आहे. पण कुठल्याही कंपनीचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि आपल्या भागाच्या कोषांसाठी त्याचं नीट उत्तर कुणी दिलं तर ते तिच्या नावावर राहील. वेळ उरला तर सेरिसिनचा दुसरा भाग जोडता येईल. सोडा न घालता नुसत्या पाण्यात, प्रेशरखाली १२१ अंशांवर डिंक काढायचा, गाळायचा आणि गोठवून वाळवायचा. सोड्यात उकळलेला डिंक तुटलेला असतो, हा बराचसा शाबूत मिळतो.

उपकरणांसाठी लांब जावं लागणार नाही. शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागात रेशीम शेतीचं ज्ञान आहे आणि इन्फ्रारेडसारखी यंत्रं सामाईक केंद्रात आहेत. पेशींवरची चाचणी करायची झाली तर एल-९२९ ही उंदराच्या पेशींची नेहमीची जात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवता येते. साचे, छोट्या नळ्या, सुई धरायचे स्टँड असलं काही लागलं तर शिवाजी उद्यमनगरात चित्र काढून द्यायचं. तिथले लेथवाले मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम करून देतात आणि प्रश्न फार चांगले विचारतात.

सुरुवात अशी करा. येत्या बॅचमध्ये मधल्या प्लॉटच्या पाल्यावरचे एक किलो कोष वेगळे काढा. डागी, पोचट आणि जुळे कोष त्यात नकोत. अंडीपुंजांच्या पावतीचा फोटो, फवारणीच्या तारखा आणि पावडरीचं नाव एका वहीत लिहून ती वही लेकीकडे द्या. तिनं पाच-पाच ग्रॅमच्या तीन वाट्या घेऊन वर सांगितल्याप्रमाणे डिंक काढावा आणि तिन्हींची घट मला कळवावी. २५ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान आली आणि तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असले, तर पुढे विरघळवायला घेऊ. तिन्हींत तफावत असेल तर आधी कवचाचा ओलावा तपासायचा, मग सोड्याचं वजन, मग उकळण्याची वेळ, याच क्रमानं.